हलक्या गाठोड्याची लाज

मित्रांनो, रीतीप्रमाणे मी आधी माझं नाव सांगायला हवं. पण मला अजून थोडा संकोच वाटतो, कारण आमच्या बाजारात माझा विषय निघाला की बायका तोंडाला पदर लावून हसतात. तर ऐका. मी आग्वायो. पाठीवर ओझं बांधायचं चौकोनी लोकरी कापड. अंगावर गुलाबी, हिरवे, जांभळे पट्टे आणि मधोमध एक लांब शिवण. बोलिव्हियाच्या उंच पठारावर आमचं एल आल्तो शहर आहे, आणि तिथे माझा एखादा भाऊबंद नाही असं घर शोधून सापडणार नाही. बटाटे, कोंबड्या, सरपण, तान्ही पोरं, सगळं आम्ही वाहतो. म्हणजे चालतात बायका, पण मिरवतो आम्ही. वय माझं एकवीस वर्षं. कापडाच्या मानाने हे म्हातारपणच झालं.

सरोवराच्या काठी एका खेड्यात सातुर्नीना मावशीने मला विणलं. जमिनीत चार खुंट्या ठोकल्या, त्यांवर ताणा लावला, आणि गुडघ्यांवर बसून ती लामा नावाच्या आमच्या केसाळ जनावराच्या हाडाने एकेक धागा ठोकून बसवत गेली. मेंढ्या चारून आली की विणायची आणि जेवण झालं की पुन्हा विणायची. माझ्या दोन पट्ट्या तिने वेगवेगळ्या विणल्या आणि शेवटी मधोमध जोडल्या. या कामात पाच महिने गेले. मग भाचीचं, कासिमीराचं, लग्न होतं त्या दिवशी मावशीने मला तिच्या खांद्यावर टाकलं आणि म्हणाली, "ही शिवण बघून घे, पोरी. हिच्यात बैल बांधलास तरी उसवणार नाही. फक्त खोट्या कामाला वापरू नकोस." कासिमीरा हसली. लग्नाच्या दिवशी माणसाला काहीही सांगितलं तरी हसूच येतं.

ती माझ्या उमेदीची वर्षं होती. दानित्सा जन्मली आणि दीड वर्ष माझ्यात झोपली, मुतली, दात आल्यावर माझी कडा चावत राहिली. मी एका शब्दाने तक्रार केली नाही. कासिमीराचा नवरा गवंडीकामासाठी दूर सांताक्रूझला गेला, तो वर्षातून दोनदा यायचा. घर कासिमीराच्या बटाट्यांवर चालायचं. पहाटे घाऊक बाजारातून बटाटे आणायचे, आपल्या कोपऱ्यात ढीग लावायचे आणि मला शेजारी घडी करून ठेवायचं. बायका जाता-येता माझी कड चिमटीत धरून म्हणायच्या, "हे मशीनचं नाही हं, हाताचं आहे." मी फुगून जायचो. गर्व वाईट असं सगळे सांगतात, पण कोणी कड चिमटीत धरली की मला राहवत नसे.

मग कासिमीराला खोकला लागला. आधी ती धुळीला दोष देत होती, मग थंडीला. एके दिवशी रुमालावर रक्त दिसलं आणि छातीत पाणीही झाल्याचं कळलं. क्षय. चार महिने ती दवाखान्यात होती. त्या छातीच्या विभागात प्राणवायूचं एकच यंत्र होतं आणि रुग्ण चौदा. ज्याचे ओठ जास्त निळे, त्याच्याकडे ते यंत्र सरकवायचे.

घरी माझी पुरती दशा झाली. शेजारीण म्हणाली, "ते आग्वायो जाळून टाक. तिच्या अंगाला लागलेलं आहे." दानित्सा तेव्हा पंधरा वर्षांची. तिच्याने मला जाळवेना. तिने मोठ्या पातेल्यात पाणी तापवलं आणि मला सोडाखार घालून उकळलं. गुलाबी रंग जांभळ्यात पसरला, हिरवा कळकट झाला. मला ओळखणारे रंगच गेले. मग तिने मला ट्रंकेत टाकलं आणि ती आईला डबा द्यायला जायला लागली. ट्रंकेत मला कसर लागली. लोक आमच्या घराला टाळतात, दानित्साची खुर्ची लांब सरकवतात, हे मला बाहेरच्या आवाजांवरून कळायचं.

तरी आमची गल्ली वाईट नाही. आमच्याकडे कोणाच्या घरी मोठं दुखणं आलं की शेजारी मिळून रविवारी जेवण रांधतात आणि मग तेच जेवण पानापानाने विकत घेऊन खातात. कासिमीरासाठी असे तीन रविवार झाले. जे लोक तिच्या हातचा बटाटा घ्यायला घाबरत होते, तेच तिच्यासाठी डुकराच्या रश्श्याच्या दोन-दोन थाळ्या खात होते. माणसांचं मला अजून पुरतं समजलेलं नाही.

ती बरी होऊन आली. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "चालत जा. पण ओझं नको, चढ नको. दोन महिन्यांनी मला दाखव." कासिमीराने मान डोलावली. घरी आल्यावर तिने ट्रंक उघडली, मला बाहेर काढलं आणि तोंडाला लावलं. माझा रंग गेल्याबद्दल ती काही बोलली नाही. तिचाही गेला होता.

त्याच महिन्यात दोन्या फ्लोरेंतीना आमच्या दारात आली. या बाईची ओळख करून देतो. 'दोन्या' हे आमच्याकडे मानाने लावतात, तुमच्या 'बाईं'सारखं. पंचावन्न वर्षांची, बुटकी, दणकट. आधी गिर्यारोहकांच्या तळावर स्वयंपाकीण होती. वीस वर्षं दुसऱ्यांसाठी सूप उकळल्यावर एके दिवशी तिने चमचा खाली ठेवला, बुटांना काटे बांधले आणि घेरदार घागऱ्यानिशी हुआयना पोतोसी या बर्फाच्या डोंगराच्या शिखरावर जाऊन आली. तेव्हापासून बाजारातल्या बायका तिचा शब्द मोडत नाहीत.

"कासिमीरा," ती म्हणाली, "तुझ्या त्या दवाखान्याला दुसरं यंत्र द्यायचं ठरवलंय. आपण सात बायका हुआयना पोतोसी चढणार आणि लोकांकडून मदत गोळा करणार. तू येणार का?"

"मी? दोन्या फ्लोरेंतीना, मला आत्ता कुठे सोडलंय दवाखान्यातून."

"म्हणून तर. आम्ही सहाजणी गेलो तर लोक म्हणतील, गेल्या बायका हिंडायला. तू आलीस तर लोक खिशात हात घालतील. झेपेल ना?"

कासिमीराला ते तीन रविवार आठवले असणार. ती म्हणाली, "झेपेल."

मित्रांनो, सगळं त्या एका शब्दापासून सुरू झालं. तो खोटा होता हे मला तेव्हा कळलं नाही. तिलाही नसावं.

आमच्याकडे कोणतंही मोठं काम असलं की त्याला धर्मपिते आणि धर्ममाता गाठतात, म्हणजे एकेका गोष्टीचा खर्च उचलणारी माणसं. लग्नात एक केकचा धर्मपिता, एक वाजंत्र्यांचा, एक खुर्च्यांचा. या चढाईलाही तसेच ठरले. कोणी दोराचा झाला, कोणी बुटांचा, आणि बाकीच्यांनी यंत्रासाठी जमेल ते कबूल केलं. ज्याने कबूल केलं त्याने आपलं नाव लिहिलेली एक फीत आणून कासिमीराच्या आग्वायोला, म्हणजे माझ्या कडेला, टाचायची. दोन आठवड्यांत माझ्यावर तेवीस फिती झाल्या. मांसवाले क्रिसोलोगो यांची लाल, अंडीवाल्या दोन्या एलेनांची पिवळी. बाजाराच्या दारावर चित्र लागलं. त्यात कासिमीरा, तिच्या पाठीवर मी आणि मागे बर्फ. खाली लिहिलं होतं, 'काल खाटेवर, उद्या शिखरावर'. मी कसर लागलेला, रंग गेलेला, पुन्हा नवरदेवासारखा सजलो. खरं सांगतो, मला फार बरं वाटलं.

सराव असा ठरला. आठवड्यातून तीन सकाळी सातहीजणींनी पाठीवर एक आरोबा, म्हणजे साडेअकरा किलो बटाटे बांधायचे, रोपवेने खाली दरीतल्या मोठ्या शहरात उतरायचं आणि तेच बटाटे घेऊन पायऱ्यांनी वर यायचं. खालचे लोक हसायचे. "अहो बाई, पाळण्यात बसून बटाट्यांना शहर दाखवायला आणलं का?" दोन्या फ्लोरेंतीना उत्तर द्यायची, "हो, आणि तुमच्याकडे बघून ते परत निघालेत."

पहिल्या दिवशी कासिमीराने खरे बटाटे भरले होते. बाराव्या पायरीवर ती बसली. मी तिच्या पाठीला चिकटलेलो, तिच्या बरगड्या कशा उडत होत्या ते मला कळत होतं. तिला खोकला आला. वरून मांसवाले क्रिसोलोगो उतरत होते. ते थांबले, खिशातून रुमाल काढून नाकाला लावला आणि काहीच न बोलता पलीकडच्या कडेने गेले. ते काही बोलले असते तरी एक वेळ चाललं असतं. कासिमीरा उठली, बायकांना म्हणाली, "बुटात खडा गेला होता." दुसऱ्या दिवशी तिच्या ढिगावर एकही गिऱ्हाईक दुपारपर्यंत फिरकलं नाही. तिला वाटलं, ही बसण्याची बातमी पसरली. चढता येत नाही म्हणजे आजार अजून अंगात आहे, असंच लोक म्हणणार. मग बटाटे कोण घेणार, फिती कोण ठेवणार, आणि यंत्र कुठून येणार?

त्यानंतरच्या सकाळी ती घरात मला पसरून बसली. एका बाजूला बटाट्यांचं पोतं, दुसऱ्या बाजूला चुन्योचं. चुन्यो म्हणजे आमचा वाळवणाचा बटाटा. कडाक्याच्या थंडीत उघड्यावर गोठवायचा, पायांनी तुडवून पाणी काढायचं आणि उन्हात खडखडीत वाळवायचा. काळा, दगडासारखा दिसतो, पण वजन जवळजवळ नाहीच. तिने दोन्ही पोत्यांतली एकेक मूठ हातात तोलून बघितली. मग तिने ओंजळी भरून चुन्यो माझ्यात ओतला आणि वरच्या तोंडाशी चार ताजे बटाटे असे बसवले की बघणाऱ्याला तेच दिसावेत. गाठ मारली. गाठोडं बाहेरून तस्संच दिसत होतं, पण वजन निम्म्याहून कमी.

मला बोलता येत नाही हे खरं. पण मी सैल पडू शकलो असतो. माझी गाठ सुटू शकली असती. मी घट्ट बसलो, अगदी शहाण्यासारखा. फितींचा मोह मलाही होता.

त्या दिवशी ती सगळ्यांच्या मागून, बुटाची नाडी बांधायच्या निमित्ताने थांबत थांबत, शेवटपर्यंत चढली. वर दोन्या फ्लोरेंतीनाने टाळी वाजवली. "बघा ग पोरींनो! छातीत पाणी झालं होतं हिच्या. आणि तुम्ही रडताय गुडघे दुखतात म्हणून!" सगळ्या हसल्या. कासिमीरा हसली नाही, पण कोणाचं लक्ष गेलं नाही.

आमच्याकडे दुसऱ्या बाईच्या गाठोड्याला न विचारता हात लावत नाहीत. घरात डोकावण्यासारखं आहे ते. म्हणून हे दोन महिने चाललं. मधे तिला तेवढंही जड व्हायला लागलं, तेव्हा तिने माझ्या पोटात वाळक्या गवताची पेंढी घातली आणि भोवतीने चुन्यो रचला. घरी आल्यावर ती खाटेवर पडायची. दानित्सा विचारायची, "आई, दमलीस का ग?"

"छे, जरा पाठ टेकते."

"डॉक्टरीणबाईंना दाखवायचं होतं ना?"

"चढाई झाली की जाऊ."

दानित्सा हो म्हणून अभ्यासाला बसायची. मी खुंटीवरून दोघींकडे बघायचो.

आता दोराची गोष्ट सांगतो, कारण खरी भीती तिथे होती. बर्फावर तिघी-चौघी एका दोराला बांधून घेऊन चालतात. एकीचा पाय घसरला तर बाकीच्या तिला धरतात, आणि त्यांना धरता आलं नाही तर त्याही जातात. कासिमीराच्या पुढे दोन्या फ्लोरेंतीना आणि मागे इग्नासिया असणार होती. इग्नासिया ही कासिमीराची कोमाद्रे. तिच्या मोठ्या मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी कासिमीराने हातात धरलं होतं, म्हणून दोघी जन्माच्या बहिणी झाल्या. इग्नासियाला तीन पोरं. दवाखान्यात रोज सूप नेणारी हीच. कासिमीरा दोराचा विचार करत होती का? करत होती. दोरावर बांधायचा दिवस जवळ आला तसं ती रात्रीचं जेवण अर्ध्यावर टाकायला लागली. पण तोंड उघडलं नाही. रोज वाटायचं, उद्या अंगात बळ येईल.

जूनमध्ये शेवटचा सराव ठरला, थेट डोंगराच्या पायथ्याशी. सातजणी छोट्या गाडीने खिंडीपर्यंत गेल्या आणि तिथून आपापलं गाठोडं घेऊन वर पहारेकऱ्याच्या दगडी झोपडीपर्यंत चालल्या. थंडी अशी होती की माझ्या कडा ताठ झाल्या. कासिमीरा सगळ्यात मागे होती. इग्नासिया मुद्दाम तिच्याबरोबर रेंगाळत होती, मुलीच्या शाळेच्या गमती सांगत होती, म्हणजे कोणाला वाटू नये की ही मागे पडली.

झोपडीपाशी दोन्या फ्लोरेंतीनाने कोकाची पानं दगडावर ठेवली, थोडी दारू शिंपडली आणि पर्वताला म्हणाली, "आजोबा, या तुमच्या लेकी. पुढच्या शनिवारी येतील. यांना नीट घ्या, नीट सोडा." मग तिने एकेकीचं नाव घेतलं. नंतर वळून टाळ्या वाजवत म्हणाली, "चला! आज बटाटे परत न्यायचे नाहीत. पहारेकऱ्याने पाणी ठेवलंय. आज आप्थापी!"

आप्थापी म्हणजे आमचं एकत्र जेवण. सगळ्यांनी आपले आग्वायो जमिनीवर एकाला एक लावून पसरायचे आणि ज्याने जे आणलं ते त्यावर ओतायचं. मग कोणाचं काय हे कोणी विचारत नाही, सगळं सगळ्यांचं होतं. मला हे जेवण आयुष्यात सर्वांत प्रिय. आणि त्या दिवशी तो शब्द ऐकून माझा धागा न् धागा गोठला.

पाच-सहा गाठी सुटल्या. बटाटे घरंगळले, पातेल्यात गेले. चीज आलं, तिखट वाटण आलं.

"कासिमीरा, सोड की गाठ! पाणी खळखळतंय."

"माझे... माझे बियाण्याचे आहेत ग. घरी न्यायचेत."

"बियाण्याचे?" एकजण ओरडली. "बियाणं घेऊन डोंगर चढलीस? बटाट्यांना हवापालट हवा होता वाटतं!"

सगळ्या खिदळल्या. कासिमीराने जमिनीवर ठेवलेल्या गाठोड्याची गाठ दोन्ही हातांनी झाकली. इग्नासियाला ते दिसलं. "गप बसा ग. दमलीय ती," ती म्हणाली. "ये कोमाद्रे, मी आणते ते." आणि कोमाद्रे म्हणून, हक्काने, तिने मला दोन्ही हातांनी उचललं.

साडेअकरा किलो उचलायचेत म्हणून तिने कंबर वाकवली होती. मी एकदम वर गेलो. तिचे हात खांद्यापर्यंत उडाले. एक क्षण ती माझ्याकडे बघत राहिली. मग कासिमीराकडे. मग तिने पाठ वाकवली, दात आवळले आणि मला हळूहळू खाली ठेवत कण्हली, "बाई ग! केवढं जड हे! दगड भरलेत की काय हिने!" आणि तोंड फिरवून चीज कापायला बसली.

मित्रांनो, मला कितीदा तरी धुतलं, उकळलं, दगडावर आपटलं. पण त्या क्षणी मी जसा पिळला गेलो तसा कधी पिळला गेलो नाही. जिचा जीव पुढच्या शनिवारी माझ्या मालकिणीच्या पायांवर अवलंबून असणार होता, ती बाई आमची लाज झाकायला खोटं कण्हत होती. कासिमीराने ते पाहिलं. तिचा चेहरा आधी लाल झाला, मग राखेसारखा. ती माझ्यापाशी गुडघ्यांवर बसली आणि तिने गाठीला हात घातला. मी गाठ धरून ठेवली. हो, तेव्हाही. लाजेने माणूस चुकतो तसं कापडही चुकतं. तिने नखांनी, मग दातांनी ती सोडवली आणि मला सगळ्यांच्या मधोमध उघडं केलं.

वरचे चार बटाटे घरंगळले. त्यांच्यामागून काळा चुन्यो खडखड करत दगडांवर सांडला. वाऱ्याने पेंढी उचलली आणि गवताच्या काड्या सगळ्यांच्या घागऱ्यांवर, चीजवर, पातेल्यात जाऊन पडल्या.

 एकजण हळूच म्हणाली, "हा आज भिजत घातला तर उद्या शिजेल." ती हसायला लागली, पण कोणी साथ दिली नाही म्हणून थांबली.

"कधीपासून?" दोन्या फ्लोरेंतीनाने विचारलं.

"दुसऱ्या दिवसापासून." कासिमीरा मान खाली घालून बोलत होती. "मला तीस पायऱ्या चढता येतात. तीस झाल्या की बसावं लागतं. ओझं असेल तर बारा. डॉक्टरीणबाईंनी नकोच म्हटलं होतं."

"आणि हे मला कधी सांगणार होतीस? बर्फाच्या कड्यावर? लटकल्यावर?" तिचा आवाज चढला. "इग्नासियाला तीन पोरं आहेत, कासिमीरा! त्यांना काय चुन्यो खायला घालणार होतीस?"

"सांगायची लाज वाटली."

"आणि आता?"

"आता जास्त वाटते."

दोन्या फ्लोरेंतीना मग इग्नासियाकडे वळली. "आणि तू ग? उचललंस, कळलं, आणि झाकलंस! दोराच्या शेवटी तूच होतीस ना, वेडे?"

इग्नासिया रडायला लागली. "मला वाटलं, सगळ्यांसमोर तिची लाज जाऊ नये. घरी गेल्यावर बोलले असते."

"घरी," दोन्या फ्लोरेंतीना म्हणाली आणि दगडावर बसली. ती बुटावरची माती खरवडायला लागली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "मीही एकदा उचलून बघायला हवं होतं. मला ते दारावरचं चित्र फार आवडलं होतं. काल खाटेवर, उद्या शिखरावर! झेपेल का म्हणून विचारलं आणि उत्तर आवडलं म्हणून निघून आले."

बटाटे शिजले. माझ्यावरच्या काड्या झटकून त्यांनी मलाही इतरांच्या रांगेत पसरलं आणि गरम बटाटे माझ्यावरही ओतले. मला पोळत होतं. कासिमीरा लांब बसली होती. दोन्या फ्लोरेंतीनाने एक बटाटा सोलून तिच्या हातात कोंबला. "खा. उपाशी राहिलीस म्हणून हे काही पुसलं जाणार नाही." ती खाली बघत खात राहिली.

पुढचा आठवडा सगळ्यांत अवघड होता. दोन्या फ्लोरेंतीना म्हणाली होती की लोकांना सांगायचं काम ती करील. कासिमीरा नको म्हणाली. ती मला खांद्यावर घेऊन तेवीस जणांकडे गेली, प्रत्येकासमोर उभी राहिली आणि सांगितलं, "मी चढणार नाही. मला चढता येत नाही. दोन महिने मी तुम्हाला खोटं दाखवलं. बाकीच्या सहाजणी जाणार आहेत. तुमची फीत हवी तर परत घ्या." प्रत्येक वेळी तिच्या मानेवर घाम यायचा, तो माझ्यात झिरपायचा.

क्रिसोलोगोंनी आपली लाल फीत ओढूनच काढली. माझा एक धागा त्यात तुटला. "मी पहिल्याच दिवशी बायकोला म्हटलं होतं," एवढंच बोलून ते सुरी घासायला लागले. कोणी 'असू दे' म्हणालं, पण फीत काढून घेतली. अंडीवाल्या दोन्या एलेना चिडल्या, "अगं मग आधी बोलायचं की! मी काय डोंगराला अंडी घालायला सांगितली होती?" त्यांनी फीत ठेवली आणि उकडलेली दोन अंडीही दिली, वर दहा मिनिटं बोलून घेतलं. संध्याकाळी माझ्यावर नऊ फिती उरल्या.

शनिवारी सहाजणी दोन दोरांवर निघाल्या. चौघी शिखरावर पोचल्या, दोघी वाऱ्यामुळे वरच्या तळावरून परतल्या. इग्नासिया पोचली. कासिमीरा घरी होती. सोमवारी ती डॉक्टरीणबाईंकडे गेली आणि तिथेही सगळं सांगितलं. तिथे बोलणी खाल्ली, औषध मिळालं, आणि पुढचा महिनाभर ओझं न घेता रोज किती चालायचं ते ठरलं.

यंत्रही आलं. पण जुलैत यायचं होतं ते सप्टेंबरात आलं, आणि नवं नव्हे, कोणीतरी वापरलेलं. चौदा फितींची कसर तशीच राहिली होती. मधले दोन महिने त्या विभागात एकच यंत्र खाटेखाटेला सरकत होतं. त्या दोन महिन्यांत तिथे काय झालं हे विचारायचं धाडस कासिमीराला झालं नाही. मला तर विचारायला तोंडच नाही. पण खुंटीवर लटकलेला असताना मला रोज तोच विचार येतो.

इग्नासिया आणि कासिमीरा महिनाभर बोलल्या नाहीत. मग एका सकाळी इग्नासिया दारात आली. कासिमीरा बाजारासाठी मला बांधत होती. इग्नासिया पुढे झाली, काही न विचारता तिने मला हातात उचलून तोललं आणि म्हणाली, "किती आहेत?"

"चार किलो."

"झेपेल?"

"झेपेल."

इग्नासिया तशीच उभी राहिली. मला हातात धरून.  बराच वेळ गेला, तेव्हा कासिमीरा म्हणाली, "अडीच."

इग्नासियाने दीड किलो काढून आपल्या आग्वायोत घातले आणि दोघी निघाल्या.

मित्रांनो, मी ओझं वाहायला जन्मलो आणि गवत वाहून शाबासकी घेतली. ही लाज माझ्या शिवणीत राहणार, आणि राहावी असंच मला वाटतं. तुमच्याकडे माझी एकच विनंती आहे. तुमच्या घरात, गल्लीत कोणी मोठ्या दुखण्यातून उठलं असेल तर त्याच्यासाठी टाळ्या जरा कमी वाजवा. त्याला झेपेल का म्हणून जरूर विचारा, पण पहिल्या उत्तरावर उठून जाऊ नका. ते बहुतेक वेळा तुम्हाला बरं वाटावं म्हणून दिलेलं असतं. थोडं थांबा. त्याचं ओझं हातात धरून थांबा.